राख परगावची
(स्वागताध्यक्षीय भाषण)



कोयना-केरेच्या संगमावर, पाटणला आपले मनापासून स्वागत. मी हायस्कुलातला निवृत्त भूगोल मास्तर. स्वागताध्यक्ष व्हायला एवढीच पात्रता.

ज्वालामुखीच्या राखेवरचे चर्चासत्र पाटणला कशाला, असे आमच्यातल्याच एकाने विचारले. म्हटले, बाबा, तुझ्या घराचा पाया कशात खणलाय? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच तो. पलीकडे गोठणे गावात संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडले, तर पहिला सव्वा किलोमीटर हाच काळा पाषाण.

दगड घरचा, पण राख परगावची. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीकाठी, मोरगावला कऱ्हेकाठी पांढरट राखेचे थर सापडले. आपल्या काळ्या दगडात सिलिका निम्म्याच्या आसपास. त्या राखेच्या काचकणांत शेकडा ७५ च्या वर. म्हणजे ती सह्याद्रीची नव्हेच. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीहून, सुमारे तीन हजार किलोमीटरवरून आलेली! बोरीला तिच्या सोबतीला आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली, आणि वयाचा वाद पेटला. कुणी १४ लाख वर्षे म्हटले, कुणी पावणेसात लाखांच्या आसपास, कुणी ७५ हजार.

टोबा एकदाच फुटलेला नाही, आणि त्याच्या निरनिराळ्या उद्रेकांची काच सख्ख्या भावंडांसारखी. दोनचार आकड्यांवर निवाडा होत नाही. म्हणून कणाकणातले अनेक घटक एकत्र मांडून, ओळखीच्या नमुन्यांशी ताडून संगणकाकडून गट पाडून घ्यायचे. हे तुमचे काम. मी उगाच लुडबुड करत नाही.

पण खोड जात नाही, म्हणून एकच सांगतो. संगणक प्रत्येक कणाला कुठल्या ना कुठल्या गटात बसवायला बघतो. ज्या ज्वालामुखीचा नमुना त्याच्या यादीतच नाही, त्याचे नाव तो घेणार कसा? शिवाय नदी फार अवखळ. तिने जुनी राख नव्या गाळात कालवली असेल, तर नुसती सरासरी काढणारा हमखास फसतो. तेव्हा नमुना कुठल्या थरातला, वर काय, खाली काय, राख जागची की वाहून आलेली, हेही तक्त्यात रकाना करून लिहा. वहीतच ठेवू नका.

दुपारी भाकरी, पिठलं, खर्डा आहे. तिखट झेपत नसेल त्यांनी आधी सांगावे. उद्या सकाळी दातेगडावर कातळात खोदलेली विहीर पाहायला जायचे आहे. हातोड्या मात्र खोलीवरच ठेवून या.