चपट्या नाकाच्या ठकीला घर शोधताना

जनावरांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे गाय, म्हैस, शेळी, फार तर कोंबड्या येतात. त्यांच्याबद्दल या कार्यक्रमात आपण पुष्कळ बोललो. आज एका कुत्रीबद्दल बोलायचं आहे. कुणी म्हणेल, कुत्र्यावर काय बोलायचं, भाकरीचा तुकडा टाकला की झालं. पण ही कुत्री आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांसारखी नाही. तिला घर हवंय असं आम्ही याच रेडिओवरून सांगितलं आणि फोनवर फोन आले. त्यातल्या बहुतेकांना आम्ही नाही म्हटलं. काहींना राग आला, तो येणारच. म्हणून नाही का म्हटलं ते आज सगळ्यांपुढे सांगतो.

पौषात, कडाक्याच्या थंडीत, बाजारतळाच्या मागे एका दुधाच्या टेम्पोवाल्याला ती दिसली. गळ्यात तुटकी दोरी, कानात गोचिड, नखं वाढून आत वळलेली, एक डोळा पांढुरका. सड लोंबलेले. जिनं शेळ्या-म्हशी राखल्यात तिला हे समजावून सांगावं लागत नाही, हिची बरीच वेतं झालेली होती. नखं वळलेली म्हणजे चालणं-फिरणं नाही, म्हणजे पिंजरा. पिलं विकणाऱ्या कुणीतरी तिच्याकडून वेतामागून वेत काढून घेतलं आणि थकल्यावर रस्त्यावर सोडलं. आमच्यातली एक म्हणाली, "भाकड गाय सोडतात तशी सोडली की गं हिला!"

याला कायदा नाही असं समजू नका. पाळीव जनावर असं उघड्यावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. कुत्र्यांची पिलं काढून विकायची तर २०१७ च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला लावायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकायचं नाही. पण बाजारात टोपलीत पिलं घेऊन बसलेल्याला नोंदणीचा कागद विचारतं कोण? तुम्ही विचारा.

ही कुत्री पग जातीची. हे कुत्रं मूळचं चीनमधलं. तिथल्या राजवाड्यांत मांडीवर खेळवायला पाळलेलं. अंगानं लहान, वजन सहा ते आठ किलो, शेपटीचं वेटोळं, तोंड काळं आणि नाक जवळजवळ नाहीच. आपल्याकडे ते घरोघरी माहीत झालं २००३ साली, टीव्हीवरच्या हच मोबाइलच्या जाहिरातीमुळे. लहान मुलाच्या मागं मागं जाणारं ते कुत्रं तुम्हाला आठवत असेल. जाहिरात गोड होती. पण तेव्हापासून ज्याला त्याला पग हवासा झाला आणि त्याला काय सोसतं, काय सोसत नाही, हे कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे तिला नाव मिळालं ठकी. जुन्या घरांत लाकडाची चपट्या तोंडाची ठकी बाहुली असायची, तसंच हिचं तोंड. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी दात बघून सांगितलं, वय सहाच्या आसपास. म्हणजे तिचं निम्मं आयुष्य अजून बाकी आहे, कारण पग बारा-तेरा वर्षं जगतो. गोचिड काढले, जंताचं औषध दिलं, रेबीजची लस टोचली. डोळ्याला जखम होती, तीन आठवडे दिवसातून चारदा थेंब घातले. पांढरा डाग राहिला, पण दिसतं तिला. नसबंदीसाठी मात्र जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. चपट्या नाकाच्या कुत्र्याला भूल देणं जोखमीचं असतं, श्वासाची नळी सांभाळायला साधनं आणि माणसं लागतात. खर्च गटातल्या बायकांनी वर्गणी काढून केला.

हे दोन महिने ती राहिली रेडिओच्या खोलीत. मागच्या काही कार्यक्रमांत मागं कुणीतरी घोरतंय असं ज्यांना वाटलं त्यांचे कान ठीक आहेत. ती ठकीच होती.

त्या घोरण्यावर आम्ही सगळ्याच हसायचो. एकदा डॉक्टरबाई रेकॉर्डिंगला आल्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी जे सांगितलं त्यावरच पुढचं सगळं ठरलं, म्हणून ते नीट ऐका. माणसाला घाम येतो आणि अंग थंड होतं. कुत्र्याला घाम येतो तो नावापुरता, पंजाच्या गाद्यांना. त्याचं अंग थंड होतं ते धापा टाकून. लांब नाकातून, ओल्या जिभेवरून वारा फिरतो आणि आतली उष्णता बाहेर जाते. माणसानं निवडून निवडून या कुत्र्याचं नाक आखूड केलं. हाड आखूड झालं, पण आतलं मांस, टाळू तेवढंच राहिलं. ते सगळं त्या एवढ्याशा जागेत कोंबलेलं आहे. नाकपुड्या चिरेसारख्या. म्हणून ती घोरते. जागेपणी घरघर करते ती लाडात येऊन नव्हे, वारा ओढायला जोर लागतो म्हणून. आपल्या गावठी कुत्र्याला वैशाखातलं ऊन सोसतं, तो लिंबाखाली खड्डा उकरून पडून राहतो. पगला ते ऊन जिवावर बेतू शकतं. नेदरलँड्समध्ये तर इतक्या आखूड नाकाच्या कुत्र्यांची पैदासच करू देत नाहीत.

आता होळी झाली. ऊन चढत जाणार. तिला घर लवकर हवं होतं, आणि ते घर दुपारी थंड हवं होतं.

पहिला फोन हमरस्त्यावरच्या मोठ्या बंगल्यातून. घर चांगलं, माणसं चांगली, खाण्यापिण्याला कमी नाही. आम्ही दोघी बघायला गेलो. कुत्री कुठं राहील, विचारलं. म्हणाले, गेटजवळ पत्र्याचं शेड आहे, राखणीला बरी. भर दुपारी त्या पत्र्याखाली आपल्याला पाच मिनिटं उभं राहवत नाही. आणि ठकी राखण कसली करणार? चोर आला तर त्याच्या पायाशी लोळेल. त्यांना आम्ही सांगितलं, दवाखान्यातून आपल्या गावठी जातीचं पिलू न्या, राखण ते करेल. त्यांनी नेलंही.

दुसरा एक जण सरळ बोलला, त्याचं एका अर्थी बरंच वाटलं. "एक वेत काढू, पिलाला दहा हजार येतात, गटाला निम्मे देतो." नसबंदी झाल्याचं सांगितल्यावर फोन बंद. तुम्ही कधी अशी सोडवलेली मादी कुणाला देणार असाल, तर नसबंदी आधी करा आणि घर नंतर शोधा.

पुण्याहून एका जोडप्याचा फोन होता. चौथ्या मजल्यावर घर, वारा छान, मनापासून हवी होती त्यांना. पण दोघं सकाळी आठला बाहेर, रात्री आठला घरी. ही जात माणसाच्या पायात पायात राहणारी. बारा तास कोंडून राहायचं तर ते पिंजऱ्याहून वेगळं काय झालं? त्यांना नाही म्हणताना मात्र आम्हाला जड गेलं.

आणि ज्या घरी ठकी गेली, त्या घरानं तिला मागितलंच नव्हतं. शेजारच्या गावातल्या एक आक्का, वय सत्तरच्या पुढे, पापडाच्या कामाला आमच्याकडे येतात. त्यांचं घर जुन्या पद्धतीचं, धाब्याचं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, खाली सारवलेली जमीन. मे महिन्यात त्या घरात शिरलं की अंगावर गार ओलं फडकं टाकल्यासारखं वाटतं. शेजारी स्लॅबची घरं झाली, पत्रे आले, आक्कांना सगळे म्हणत होते आता हे पाडा. आज त्याच घराचा उपयोग झाला. आक्का दिवसभर घरात, हळू चालणाऱ्या. ठकीही हळू चालणारी.

पण आक्का म्हणाल्या, "नगं बाई. तिची सवय लागंल आन् म्या गेल्यावर तिनं कुठं जायाचं?"

हा प्रश्न बाकी कुणीच विचारला नव्हता. त्याचं उत्तर देणं गटाचं काम होतं, आणि आम्ही ते वहीत लिहून दिलं. ठकी आक्कांकडे राहील, पण जबाबदारी गटाची. दरवर्षीची लस, दवाखान्याची फेरी गट बघेल. आक्का आजारी पडल्या, मुंबईला मुलाकडे गेल्या किंवा काहीही झालं, तर ठकी परत गटाकडे येईल, परस्पर कुणाला द्यायची नाही. आधी पंधरा दिवस बघायचं, जमलं तर पुढं. आक्कांनी अंगठा नाही, सही केली. प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली सही आहे ती, त्यांचा आग्रह असतो.

पहिले तीन दिवस ठकी दाराच्या कोपऱ्यातून हलली नाही. पिंजऱ्यात राहिलेल्या जनावराला मोकळ्या जागेची भीती वाटते. आक्कांनी तिला ओढलं नाही. जवळ बसून शेंगा फोडत राहिल्या. चौथ्या दिवशी ती आपणहून त्यांच्या लुगड्याच्या घोळावर येऊन झोपली.

आक्कांना सांगितलेल्या गोष्टी तुम्हालाही उपयोगी पडतील. फिरवायचं ते दिवस उगवायच्या आत आणि दिवेलागणीनंतर. गळ्यात पट्टा बांधायचा नाही, छातीवरून जाणारा पट्टा वापरायचा, म्हणजे श्वासनळीवर ताण येत नाही. तोंडावरच्या घड्या रोज ओल्या मऊ कापडानं पुसून कोरड्या करायच्या, नाहीतर आत कुजतं. डोळे बाहेर आलेले असतात, म्हणून कोंबड्या, मांजर आणि बाभळीच्या काट्यांपासून जपायचं. डोळा मिटून धरला की त्याच दिवशी दवाखाना.

खाण्याच्या बाबतीत आक्कांशी अजून वाद चालू आहे. आपल्या प्रेमाचं माप म्हणजे वाढणं. पण पग जाड झाला की त्याचा श्वास आणखी कोंडतो. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. थोडी भाकरी, उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याचं चिकन, दोन वेळा, मोजून. कांदा-लसूण घातलेलं कालवण नको, चॉकलेट नको. आणि आपल्याकडे बेदाणा घरोघरी असतो, तो एकही पोटात जाता कामा नये. द्राक्षं आणि बेदाण्यानं कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात.

कुत्रं खूप धापा टाकायला लागलं, जाड फेसाळ लाळ गळली, झोकांड्या गेल्या, तर ऊन लागलंय असं समजा. सावलीत न्या, माठातलं किंवा नळाचं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला. बर्फाचं पाणी नको. शुद्धीत असेल तर घोटभर पाणी पुढं ठेवा, घशात ओतू नका. जीभ निळी-जांभळी दिसली तर एक क्षणही थांबू नका, पाणी ओततच गाडीत घाला आणि दवाखाना गाठा.

पंधरा दिवस झाले तेव्हा आम्ही वही घेऊन गेलो. आक्कांच्या मुलानं मुंबईहून फोनवर विचारलं होतं, कुत्री आणलीस, तुला होतंय का तिचं? आक्का त्याला म्हणाल्या, "रातच्याला घरात कुणीतरी घोरतंय, बरं वाटतं."

दवाखान्यात सध्या गावठी जातीची दोन पिलं आहेत, एक नर, एक मादी, अडीच महिन्यांची. ज्यांना हवी असतील त्यांनी कार्यक्रम संपल्यावर रेडिओच्या नंबरावर फोन करावा. घर केवढं आहे ते आम्ही विचारणार नाही. दुपारी दोन वाजता घरात कोण असतं, सावली कुठं पडते आणि तुम्ही आठ दिवस लग्नाला गेलात तर पिलाला पाणी कोण देईल, एवढं मात्र आधी ठरवून फोन करा.