मादी नको म्हणू नका



येत्या रविवारी आपल्या गावचा बाजार आहे. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात तालुक्याच्या आसऱ्यातली कुत्री येणार आहेत. आसरा म्हणजे बेवारस जनावरांना सांभाळण्याचे ठिकाण. रस्त्यावर टाकून दिलेली पिल्ले, गाडीखाली सापडून पाय मोडलेली कुत्री, मालक शहराला गेला म्हणून मागे राहिलेली कुत्री, अशी तिथे असतात. त्यांना घर हवे आहे. ज्याला कुत्रा पाळायचा असेल त्याने यावे, बघावे, पटले तर न्यावे. पैसा पडत नाही.

पैसा पडत नाही, आणि तिथेच घोडे पेंड खाते. ते पुढे सांगतो.

गेल्या वर्षी हाच कार्यक्रम झाला. नोंदवही घेऊन आम्हीच बसलो होतो. ११ कुत्री आली होती. जो येई तो आधी विचारी, "गुरुजी, नर आहे का?" दुपारपर्यंत चारही नर गेले. सात माद्या राहिल्या. त्यांत एक तांबूस रंगाची होती, तीन वर्षांची. पोरे तिच्या अंगावर पडत होती, तरी ती हूं की चूं करीत नव्हती. तिला कुणी विचारले नाही. संध्याकाळी टेंपोत चढवली, तेव्हा ती मान वळवून पटांगणाकडे बघत होती.

लोक मादी का टाळतात, ते आम्हांला ठाऊक आहे. मादी गाभण राहिली की नऊ आठवड्यांत विते. दारात पाच-सहा पिल्ले. त्यांना घालायचे काय? मग नर पिल्लू कुणीतरी वस्तीवर नेतो, आणि माद्या पोत्यात भरून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडतात. आम्ही नावे घेत नाही. पण आपल्या शिवेवर जी पिल्ले सापडली, ती काही आभाळातून पडली नव्हती.

आसऱ्यातल्या मोठ्या मादीचे तसे नसते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तिची पिशवी काढलेली असते. कानाच्या टोकाला लहानशी खाच असते, ती त्याची खूण. अशी मादी माजावर येत नाही, वितही नाही. गावभरचे कुत्रे तिच्यासाठी तुमच्या दारात भांडायला जमत नाहीत. उलट ज्या नराची शस्त्रक्रिया झालेली नाही, तो माजावरच्या मादीमागे दोन-दोन दिवस घर सोडून जातो. मग राखण कोण करणार? मादीचे नाक, कान, भुंकणे नराइतकेच असते. रात्री परका माणूस आला, तर मी मादी आहे म्हणून ती काय गप्प बसते? लहान पिल्लू नेले, तर सहा महिन्यांच्या सुमारास त्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागेल. तेवढे कबूल करूनच न्या.

आता आमची चूक सांगतो. गेल्या वर्षी एकाने पिल्लू मागितले. आम्ही नाव लिहिले आणि देऊन टाकले. एक जनावर घरी लागले, म्हणून खूशही झालो. महिन्याने त्या बाजूला गेलो. पिल्लू उसाच्या फडाकडेला, दोन हात साखळीला, भर उन्हात. गळ्याला जखम झालेली, पाण्याचे भांडे पालथे. मालक म्हणाला, "फुकटचं कुत्रं, त्याचं एवढं काय गुरुजी?" आम्ही पिल्लू काखेत घेतले आणि परत आणले. आखूड साखळीला जनावर फार वेळ बांधून ठेवणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण त्याला काय बोलायचे? सावली कुठे आहे, दिवसा घरी कोण असते, हे आम्ही विचारलेच नव्हते.

यंदा विचारणार आहोत. रागावू नका. घरच्या बाईने हो म्हटले का, हेही विचारू. भाकरी तीच घालणार आहे.

कुत्र्याबरोबर एक कागद मिळेल. पिसाळू नये म्हणून दिलेल्या लशीची तारीख त्यावर असते. ही लस दरवर्षी द्यावी लागते. पुढची तारीखही तिथेच लिहिलेली असते. आता ती तुमची तुम्हांला वाचता येते, कुणाकडे कागद घेऊन जायला नको. आणि कुठलाही कुत्रा चावला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद नाही, चुना नाही, मिरची नाही.

नवे कुत्रे पहिले दोन-तीन दिवस नीट खाणार नाही. कोपऱ्यात बसेल. बसू द्या. दोन आठवडे मोकळे सोडू नका, नाहीतर घाबरून पळेल. कांदा घातलेले कालवण देऊ नका, तो कुत्र्याला बाधतो.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ती तांबूस मादी तुम्हीच का नेली नाही? आमच्या दारात आसऱ्यातल्याच दोन आहेत. दोन्ही माद्याच. तिसरीला त्या उंबऱ्याजवळ फिरकू देत नाहीत.

ती रविवारी पुन्हा येणार आहे. आता चार वर्षांची झाली आहे. कुणाला बघायची असेल, तर ऊन चढण्याआधी या. दोर आम्ही आणू.