दारिद्र्याचा उगम : प्रा. टॉनी यांचे विचार

मुंबईचे रतन टाटा यांच्या देणगीवर लंडनच्या अर्थशास्त्र-विद्यालयांत दारिद्र्याच्या अभ्यासासाठीं एक प्रतिष्ठान निघालें. त्याच्या संचालकपदीं रिचर्ड हेन्री टॉनी आले. गिरण्यांतून मिळविलेल्या पैशानें भांडवलशाहीची अशी कसून तपासणी व्हावी, हा योग मोठा मौजेचा खरा! टॉनी यांचा जन्म कलकत्त्याचा, १८८० सालचा; ‘कथासरित्सागर’ इंग्रजींत आणणारे संस्कृतज्ञ सी. एच्. टॉनी हे त्यांचे वडील.

१९१३ सालच्या पहिल्याच व्याख्यानांत त्यांनीं प्रश्नाचें तोंड फिरविलें. दारिद्र्य म्हटलें कीं आळस, दारू, उधळेपणा यांचा पाढा वाचण्याची तेथें रीत होती. एखादा मनुष्य व्यसनानें बुडतो, हें समजतें. परंतु धंदेच्या धंदे आणि गांवेंच्या गांवें पिढ्यान्‌पिढ्या दरिद्री राहतात, तीं कोणत्या व्यसनानें?

या प्रश्नाचा पडताळा क्रॅडली हीथ येथील साखळ्यांच्या धंद्यांत मिळाला. घरामागच्या भट्टीपाशीं स्त्रिया हातोड्यानें कड्या घडवीत. आठवड्याला पन्नासांहून अधिक तास राबूनही पुष्कळींच्या पदरांत पांच शिलिंगांच्या आसपासच पडे. १९०९ च्या कायद्यान्वयें नेमलेल्या मंडळानें तासाला अडीच पेन्स हा किमान दर ठरविला; म्हणजे ५४ तासांचे ११ शिलिंग ३ पेन्स. पुष्कळ मालकांनीं हा दर सोडून देण्याच्या कागदांवर स्त्रियांची संमति घेतली, व तिचा अर्थ कित्येकींना कळलाही नव्हता! १९१० सालीं मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखालीं दहा आठवडे संप चालला आणि स्त्रिया जिंकल्या. दर वाढला कीं धंदा बुडतो, असें भाकित होतें; टॉनी यांनीं १९१४ च्या आपल्या ग्रंथांत तें खोडून काढलें. त्याच बायका, तेच हातोडे. बदलला तो करार.

पुढें त्यांनीं मालमत्तेला हाच निकष लावला : ती कोणती सेवा करते? मार्क्सची हुकमी भविष्यवाणी त्यांना रुचली नाहीं. त्यांचा भर ख्रिस्ती नीतिबुद्धीवर आणि पार्लमेंटवर होता; तो अंमळ जास्तच होता, असें म्हणावेंसें वाटतें.

१९१९ च्या कोळसा-चौकशीमंडळांत ते सभासद होते. तेथें जमीनदारांच्या स्वामित्वशुल्काचा प्रश्न निघाला : जमिनीच्या पोटांतला कोळसा मजुरानें जिवावर उदार होऊन खणावा आणि टनामागें पैसे जमीनदारानें घ्यावे. १९३८ च्या कायद्यानें हा हक्क सरकारकडे आला; मोबदला म्हणून जमीनदारांना सहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली.