ज्याचं झाड, त्याची दोरी

संमेलनाध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञ, मुंबई-पुण्याहून आलेले आर्बोरिस्ट मित्र, सिंधुदुर्ग आणि गोव्याचे पाडेली, श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांतून आलेले भाऊ, हापूसच्या बागा दर मोसमात राखणारे आणि उतरवणारे आमचे नेपाळी सोबती, आणि माझ्या बागायतदार बंधुभगिनींनो,

स्वागताध्यक्ष या नात्यानं मी आपणा सर्वांचं रत्नागिरीत मनापासून स्वागत करतो. या जिल्ह्याची कमाई झाडाच्या शेंड्याला लागते. आंबा, नारळ, सुपारी, फणस, यातलं जे काही बाजारात जातं ते आधी कुणीतरी जीव सांभाळत खाली आणलेलं असतं. त्या माणसाच्या हातात काय असतं, कमरेला काय असतं आणि पायात काय असतं, एवढ्याच विषयावर दोन दिवस बोलायला आपण जमलो आहोत. असा विषय घेऊन संमेलन भरतंय याचा मला फार आनंद आहे.

इथून जवळच भाट्ये इथं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे, १९५५ पासूनचं. तिथले बाणवली जातीचे उंच माड आपण उद्या पाहाल. अशा माडावर चढणाऱ्या पाडेलीचं सामान किती? कमरेला आकडी, आकडीत कोयता आणि पायांत अडकवायचं काथ्याच्या दोरीचं कडं. बस्स. दर दीड-दोन महिन्यांनी तो त्याच माडावर जातो, झावळ्यांच्या बेचक्यात शिरतो, तयार पेंड ओळखतो, सुकलेली झाप काढतो, शेंड्यात भुंगा लागला आहे का तेही पाहून येतो. हे कसब पुस्तकातून येत नाही, आणि माझ्या मनात त्याच्याविषयी अपार आदर आहे. पण कसब म्हणजे संरक्षण नव्हे. शेवाळलेल्या खोडावरून पाय सुटला, तर वीस वर्षांचा अनुभव माणसाला हवेत धरून ठेवत नाही.

काही ठिकाणी चढायला सोपं जावं म्हणून माडाच्या खोडाला खाचा पाडतात. बागायतदारांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आंब्याच्या सालीखाली नव्या पेशी तयार करणारा थर असतो, म्हणून आंबा आपली जखम हळूहळू झाकून घेतो. माडाला तो थर नाही. आज पाडलेली खाच तो माड असेपर्यंत तशीच राहते, तिच्यात पाणी साचतं, कीड शिरते. त्याऐवजी चढायचं यंत्र वापरा, असं मी म्हणेन. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंपेरी गावचे एम. जे. जोसेफ यांनी केलेलं यंत्र आता देशभर पोचलं आहे. लोखंडी तारेचे दोन फास खोडाभोवती आणि प्रत्येकाला पाय ठेवायची जागा. एकावर भार टाकायचा, दुसरा वर सरकवायचा. नारळ विकास मंडळानं २०११ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्रीज’ हा प्रशिक्षणाचा उपक्रम सुरू केला, तेव्हा याच यंत्रावर शेकडो तरुण-तरुणी चढायला शिकले. मुरलेला पाडेली म्हणतो, यंत्र लावायला-काढायला वेळ जातो, तेवढ्यात माझे दोन माड होतात. त्याचं म्हणणं खरं आहे. माडामागे मजुरी मिळत असेल, तर तो वेगाकडेच पाहणार. तेव्हा यंत्राबरोबर मजुरीची पद्धतही बदलायला हवी, आणि ते पाडेलीच्या नव्हे, आमच्या हातात आहे.

आंब्याचं काम वेगळं. विद्यापीठाच्या नूतन झेल्यानं देठासकट आंबा उतरतो, चीक फळावर येत नाही, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. पण जुन्या, उंच वाढलेल्या कलमांचं पुनरुज्जीवन करायचं, मोठ्या खांद्या उतरवायच्या, तिथे झेला उपयोगाचा नाही. तिथे आपल्या शहरी मित्रांकडून शिकण्यासारखं खूप आहे. मुंबईत पावसाळ्याआधी पर्जन्यवृक्षाच्या आणि गुलमोहराच्या फांद्या गाड्यांवर, तारांवर, माणसांवर न पाडता उतरवणारे हे लोक आहेत. ते आधी वजनाची छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून मजबूत बेचक्यातून फेकतात, तिच्यामागून मुख्य दोर ओढून घेतात आणि त्या दोरावर घट्ट बसणारी, पण हातानं सरकणारी गाठ मारतात. अशा गाठींपैकी एक ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांच्या नावानं ओळखली जाते. १९३१ मध्ये त्यांनी ती गिर्यारोहकांसाठी मांडली. भार आला की गाठ आवळते, भार काढला की सरकते. त्या एका गुणावर माणूस खांदीच्या टोकापर्यंत चालत जातो आणि दोन्ही हात मोकळे ठेवून काम करतो. करवत चालवताना मात्र दोन ठिकाणी बांधलेलं असायचं, मुख्य दोर वेगळा आणि कमरेचा आखूड दोर वेगळा. एक चुकून कापला गेला तर दुसरा असतो.

त्यांच्याकडे बुटाला लावायचे खिळे असतात, ते पाहून आमच्या मुलांचे डोळे चमकतील. ते खिळे फक्त तोडायच्या झाडासाठी. जगवायच्या झाडावर ते घालून चढलात, तर प्रत्येक पावलागणिक एक जखम होते. खांदी कुठे कापायची हेही तसंच. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की, झाड कुजलेला भाग बरा करत नाही, त्याच्याभोवती भिंत उभी करून त्याला कोंडतं. खांदी खोडाला मिळते तिथली फुगीर कड शाबूत ठेवली तरच ती भिंत नीट उभी राहते. आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे सरकून वरून काप, आणि उरलेला खुंट शेवटी कडेबाहेर. या क्रमानं साल सोलवटत नाही आणि खांदी अंगावरही येत नाही.

आता दोरीकडे वळतो. कोकणात दोरी लागली की आपण मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जातो आणि हिरवी-निळी दोरी घेऊन येतो. ती बहुधा पॉलिप्रॉपिलिनची असते. पाण्यावर तरंगते, म्हणून होडीला उत्तम. पण उन्हानं ती लवकर जीर्ण होते आणि १६५ अंशांच्या आसपास वितळते. दोरीवर दोरी घासली की तेवढी उष्णता सहज तयार होते. नायलॉन आणि पॉलिएस्टर त्याहून बरीच जास्त उष्णता सोसतात. पॉलिप्रॉपिलिनच्या दोरीवर माणूस टांगायचा नाही, हे आज इथून प्रत्येकानं ठरवून जावं. बांधकामावरचा पट्टाही झाडावर चालत नाही. त्याची कडी पाठीवर असते. पडणाऱ्याला तो अडकवून ठेवतो, पण त्यात बसून काम करता येत नाही. झाडाच्या पट्ट्याची कडी पुढे, कमरेपाशी लागते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यानं गेलं. त्या दोन वर्षांत गावोगाव चेनसॉ पोचला, ज्याला आपण सगळे कटर म्हणतो. कटर आला, पण कटरवाल्याची पँट आली नाही. तिच्या कापडात लांब, सैल धाग्यांचे थर असतात. साखळी लागताच ते धागे बाहेर ओढले जातात आणि यंत्राच्या चाकात गुंतून साखळी जागच्या जागी थांबते. कोकणातल्या मे महिन्यात ती पँट घालून काम करणं अशक्य वाटतं, हे मला मान्य आहे. उत्पादक इथे आले आहेत. आमच्या हवेत घालता येईल असं काही करा, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. तोवर निदान पायांपुढे बांधायचं आवरण तरी वापरू या. वाऱ्यानं पडलेल्या झाडात ताण दडलेला असतो. बुंधा कापताच मुळांचा गड्डा उसळून उभा राहू शकतो, म्हणून तिथे एकट्यानं कटर चालवूच नये.

तारांचंही सांगायला हवं. ॲल्युमिनियमच्या हलक्या काठ्या आल्या आणि झेला सोपा झाला, पण बागेवरून ११ केव्हीची लाइन जात असेल तिथे ती काठी नेऊ नका. ओला बांबूसुद्धा नको.

आणि पट्ट्यात लटकलेला माणूस. ओंबील चावली, गांधीलमाश्या उठल्या, चक्कर आली, काहीही झालं तरी तो वर अडकतो. निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचत जातं आणि थोड्याच वेळात जिवावर बेततं. अग्निशमन दलाची गाडी आमच्या पाखाडीतून येऊ शकत नाही. खाली उभ्या असलेल्या गड्याला वर जाता आलं पाहिजे, आणि त्याच्यासाठी वेगळा दोर तिथे हवा.

हे सगळं आणायचं कुणी? मी बागायतदार आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. फवारणीचा पंप आम्ही घेतो, क्रेट आम्ही घेतो, झेले आम्ही घेतो. दोर, पट्टा आणि हेल्मेट मात्र चढणाऱ्यानं स्वतःच्या मजुरीतून आणावं, अशी अपेक्षा का? हापूसच्या पहिल्या पेट्यांना वाशीत जो भाव मिळतो, त्यातल्या मोजक्या पेट्या एका माणसाचं सामान उभं करायला पुरतात. ते सामान बागेचं असावं, बागेच्या खर्चात मांडावं. पाडेलीचा, नेपाळी सोबत्यांचा विमाही तिथेच मांडावा. या संमेलनात एकच ठराव व्हायचा असेल तर तो हा व्हावा, आणि तो बागायतदारांनी मांडावा.

उद्या सकाळी सात वाजता प्रात्यक्षिकं सुरू होतील, ऊन चढायच्या आत. येताना आपापले दोर आणि पट्टे घेऊन या. ते तपासण्याचं टेबल आंब्याखाली मांडलं आहे. जे नापास होतील ते तिथेच कापून टाकले जातील, आणि त्या जागी नवा दोर द्यायचा खर्च यंदा स्वागत समितीनं उचलला आहे. जेवणाची सोय मागच्या अंगणात आहे, राहायची व्यवस्था कार्यकर्ते सांगतील. संमेलनाध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी सूत्रं हाती घ्यावीत.