अम्मीची हजेरी कुठल्या मस्टरवर?

माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. उठवणं, अंघोळ, भरवणं, सगळं अम्मी करते. शेजारणी म्हणतात, सबर कर, सवाब मिळेल. मिळेलच, पण तिची कंबर गेलीय, त्याचं काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ उघडून वाचा. सरकारने योजना आखाव्यात असं कलम २४ सांगतं, आणि त्यांत जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता चक्क लिहिलेला आहे. पण त्याच कलमाच्या सुरुवातीला मेख आहे: सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. म्हणजे गाडी येऊन थांबते राज्याच्या अर्थसंकल्पावर. केरळने 'आश्वासकिरणम' योजनेत घरी काळजी घेणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवले. तुटपुंजेच. तरी त्या कामाला सरकारी कागदावर पैशाचा आकडा मिळाला.

आपण मोहल्ल्यात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो ना? आता कलम ३८ खाली जास्त आधाराचे अर्जही भरू. आमदार आले की गटारासोबत हेही विचारू: भत्त्याची तरतूद कुठंय? पहिला अर्ज भावाचा लिहिलाय. सही अम्मीची राहिलीय. ती म्हणते, आधी त्याला भरवू दे.