पाणी कुणाच्या नावावर?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "अमेरिकेतलं काहीतरी सांग, पण कॉम्प्युटरचं नको." बरोबर आहे. जेवणाची वेळ होत आली आहे आणि बाहेरून तांबड्या रश्श्याचा वास यायला लागलाय. म्हणून एका सहलीची गोष्ट सांगते. तिच्या आखणीत माझी एक चूक झाली, तीही सांगते.

तिकडे आरव्ही नावाची गाडी भाड्यानं मिळते. टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा मोठी, आत झोपायला जागा, शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास. चालतंफिरतं घरच. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे बाळूमामांच्या बकऱ्यांच्या तळागत. आज हितं, उद्या तिथं." आदमापूर आपल्या शेजारचं, त्यामुळे तिला वेगळं समजावून सांगायची गरजच पडली नाही.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. वय ७१, रक्तदाबाची गोळी चालू. एवढा लांबचा प्रवास तिला पुन्हा झेपेल असं वाटत नव्हतं, म्हणून ही सहल खरं तर तिच्यासाठी होती. मी, नवरा, दोन मुलं आणि आई. लास व्हेगासहून निघायचं, मग झायन, ब्राइस कॅनियन, कॅपिटॉल रीफ, मोआबजवळचं आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅनियन आणि परत. सुमारे १,९०० किलोमीटर, ११ दिवस, लाल दगडांचा वाळवंटी मुलूख.

आखणी सहा महिने आधी सुरू केली, कारण उद्यानांतल्या तळांचं आरक्षण तेव्हाच उघडतं आणि चांगल्या जागा बघता बघता संपतात. उन्हाळ्यात तिथं पारा चाळीशीपार जातो, म्हणून ऑक्टोबर ठरवला. पण ब्राइस २,४०० मीटरपेक्षा उंच आहे. तिथं ऑक्टोबरच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो. गाडीला लावलेला पाण्याचा पाइप झोपण्यापूर्वी काढून ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी आत बर्फ. झायनमध्ये १९३० साली पूर्ण झालेला पावणेदोन किलोमीटरचा बोगदा आहे, त्या काळच्या मोटारींच्या मापाचा. आम्ही गेलो तेव्हा आमच्यासारख्या उंच गाडीसाठी परवाना काढावा लागे आणि समोरची वाहतूक थांबवून मधून सोडत. गाडीला टाक्या तीन: एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची, एक संडासची. शेवटच्या दोन ठरलेल्या जागीच रिकाम्या करायच्या. घड्याळाचीही गंमत. युटामध्ये उन्हाळी वेळ पाळतात, ॲरिझोनात नाही, पण ॲरिझोनातल्याच नवाहो लोकांच्या प्रदेशात पाळतात. एका दिवसात घड्याळ मागं-पुढं. असल्या चुका शोधण्यातच माझी नोकरी गेली आहे, त्यामुळे त्या मी आधीच पकडल्या होत्या. एकूण ६४ ओळींचा तक्ता. प्रत्येक ओळीसमोर कोण करणार ते लिहिलेलं.

झायनला पोहोचलो. समोर शेकडो मीटर उंच लाल कडे. मी मुलांना सांगत होते, साधारण १९ कोटी वर्षांपूर्वी इथं वाळूच्या टेकड्या होत्या, त्यांचा दगड झाला. लोखंडाच्या गंजामुळे तो लाल. आपल्या गारगोटी-राधानगरीकडच्या जांभ्याचा लाल रंगही लोखंडाचाच. आईनं मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "बदामीगतच हाय की गं. बनशंकरीला गेलतो तवा बघितलंय मी." एवढं आरक्षण करून शेवटी बदामी! पण खरं होतं. तोही लाल वालुकाश्मच.

आता चुकीकडे येते. मोआबच्या वाटेवर एक रात्र उघड्या सरकारी जमिनीवर काढायची ठरली होती. तिथं वीज नाही, नळ नाही. टाकीत दीडशे लिटर मावतं, त्यामुळे काळजी नव्हती. संध्याकाळी आईनं नळ सोडला. पंप घरघरला, दोन-चार थेंब आले आणि नुसती हवा. मी तक्ता उघडला. ओळ होती: 'पाण्याची टाकी भरणे – दोघे.' नवऱ्याला वाटलं मी भरली, मला वाटलं त्यानं. बाकी ६३ ओळींसमोर एकेक नाव होतं.

एक-एक लिटरच्या सहा बाटल्या निघाल्या. त्या मुलखात माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं पाणी धरा म्हणतात. आम्ही पाच. जवळचं गाव तासाभरावर, कच्चा रस्ता आणि अंधार पडलेला. सकाळी निघायचं ठरलं. दुपारच्या उन्हानं आईचं डोकं दुखत होतं, तेवढीच मला भीती.

आईनं कारभार हातात घेतला. "पंधरा वर्सं हिरीवरनं पानी आणलंय, मला शिकवू नगोस." शेगडी पेटवायची नाही, भांडं खरकटं करायचं नाही. तिनंच केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. फुलपात्रानं मापून पाणी दिलं. एक बाटली स्वतःच्या उशाशी ठेवली. मुलं बाहेर आकाशगंगा बघत बसली आणि मीही निवांत झोपले. आई आहे म्हटल्यावर काय.

सकाळी तिचं अंथरूण काढताना उशीमागं ती बाटली सापडली. झाकणाचं सील तसंच. रात्रीची गोळी तिनं कोरडीच गिळली होती. सकाळी मुलांना लागलं तर असू दे, म्हणून. उठून उभी राहिली तर तोल गेला. गावात पोहोचेपर्यंत मी तिच्या शेजारी बसून साखर-मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजत होते, तिनं 'बास' म्हटलं तरी. दोन तास सावलीत बसल्यावर तिला बरं वाटलं. काही झालं नाही, म्हणून आज मी हे हसत सांगू शकते. पुढची सहल पार पडली, ग्रँड कॅनियनच्या काठावर आईनं नारळ मिळेल का म्हणून विचारलंसुद्धा.

त्या दिवशी मोआबमध्ये मी तक्त्यात दोन बदल केले. 'दोघे', 'सगळे' हे शब्द खोडले. प्रत्येक कामासमोर एकच नाव. आणि एक नवी ओळ घातली: 'आई पाणी प्यायली का, हे डोळ्यांनी बघणे.' समोर माझं नाव. सोसणारं माणूस सगळ्यांचं बघतं, म्हणून त्याचं कुणीतरी बघतच असेल असं आपण धरून चालतो. मी एवढी शिकलेली, मीही तेच धरलं होतं.

आता तुमच्यासाठी. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा चाकावरचं घर आता अमेरिकेतच असतं असं नाही. पण आपल्याला तेवढंही नको. निपाणी-बेळगाववरून बदामी एका दिवसात गाठता येते. बदामी, ऐहोळे, पट्टदकल अशी सहल पुढच्या हिवाळ्यात काढू. दोन टेम्पो ट्रॅव्हलर पुरतील. तक्ता मी करते. पाण्याच्या ओळीसमोर कुणाचं नाव घालायचं, ते जेवताना ठरवू.

आणि एक. आज आपल्यातले बरेच जण आलेले नाहीत. काही जण ग्रुपवरही कधी काही लिहीत नाहीत. 'सगळे मिळून फोन करू' असं म्हणू नका, नाहीतर आमच्या टाकीसारखं होईल. यादी संयोजकांच्या टेबलावर आहे. जाताना प्रत्येकानं एक नाव घेऊन जा.

थांबते. रस्सा गार होतोय.