सचिवांच्या गावी: शब्दांची मुळे आणि सामान्यरूपाचा वाद

मंत्रालयापासून गृहनिर्माण सोसायटीपर्यंत चालणारा 'सचिव' हा शब्द मराठी कारभारात रुजला तो शिवकाळात. त्याआधी या पदाला 'सुरनीस' म्हणत. फडणीस, चिटणीस, वाकनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नविस', लिहिणारा. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांना संस्कृत नावे मिळाली. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवणारा राज्यव्यवहारकोश दहा वर्गांत सिद्ध झाला. सुरनीसाचा सचिव झाला तो याच काळात. संस्कृतात 'सचिव' म्हणजे मुळात सोबत असणारा. पण काम लेखणीचेच राहिले. राजपत्रे तपासून त्यांतला अधिकउणा मजकूर शुद्ध करणे ही कानुजाबत्याप्रमाणे सचिवाची जबाबदारी होती. छत्रपती राजारामांच्या काळात हे पद शंकराजी नारायण यांच्याकडे आले, घराण्यात वंशपरंपरेने चालले, आणि 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत भोरचे संस्थानिक 'पंतसचिव' म्हणूनच ओळखले गेले. शंकराजींची समाधी आंबवडे या गावात आहे. मजकूर शुद्ध करणाऱ्या पदाचे हे गाव. भाषेच्या संमेलनाला याहून उचित जागा शोधून सापडणार नाही. 

कोशाने सुचवलेले सगळेच चालले असे नाही. 'मुख्यप्रधान' हे नाव मिळूनही लोकांच्या तोंडी पेशवा तो पेशवाच राहिला. चिटणीसही गेला नाही. 'सरचिटणीस' या शब्दात तर फारसी 'सर', देशी 'चिठी' आणि पुन्हा फारसी 'नीस' एकत्र नांदतात. अशा शब्दाला परका ठरवून हाकलणे अन्यायाचे होईल.

व्याकरणाचा एक वाद खुद्द आंबवडे या नावावरच आहे. अलीकडे 'आंबवडेला', 'वेल्हेला' अशी रूपे सर्रास कानावर येतात. विशेषनामाला धक्का लावू नये, हे त्यांमागचे कारण सांगितले जाते. पण 'पुणेला' कोणी म्हणत नाही. केळे-केळ्याला, पुणे-पुण्याला, तसे आंबवडे-आंबवड्याला हेच मराठीचे वळण आहे. 'कर' लागताना मात्र हे सामान्यरूप होत नाही: पुण्याचा माणूस पुणेकर, साताऱ्याचा सातारकर. अशा ए-कारान्त नपुंसकलिंगी नामांवर जुन्या लेखनात अनुस्वार असे, केळें, आंबवडें. उच्चारात नसलेले असे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले. अनुस्वार गेला, तरी 'ते आंबवडे' हे लिंग आणि 'आंबवड्याला' हे सामान्यरूप बोलण्यात तसेच राहिले.